विकत घेतलेला लोटू

लोटू सोनवणे बोलतो तेव्हा गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कपडे वाळत घालणारी बाई दचकून मागे बघते. भांडतोय असं वाटतं, पण तो फक्त "गुरुजी, चहा झाला का?" एवढंच विचारत असतो. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो सुरतेत उधन्याच्या लूमच्या खात्यात, मागांच्या खडखडाटात, उभा राहिला आणि कान तिथेच ठेवून आला. त्याला समोरच्याच्या ओठांवरून कळतं. पानाचा तोबरा भरून बोलणारी माणसं त्याला अजिबात आवडत नाहीत. मलाही आवडत नाहीत, पण माझं कारण वेगळं आहे.

मी तिथल्याच नवागामला राहायला आलो तेव्हा महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर होतो. आता निवृत्त आहे आणि गल्लीतले लोक मला अर्ज लिहायला, भांडणं मिटवायला आणि फुकटचा चहा पाजायला वापरतात. माझा स्वभाव तापट आहे. लोटूची गोष्ट मी शांतपणे सांगेन असं कोणी समजू नये, मला जमणार नाही.

तर लोटूच्या आईला, सुभद्राबाईला, त्याच्या आधी तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले. पहिला बाळंतघरातच, दुसरा गोवराने. तिसरा चांगला बाळसेदार होता, रांगत होता, एके दिवशी "माय" म्हणाला. गावभर ती सांगत सुटली, माझा पोरगा माय म्हणतो. त्याच आठवड्यात तो तापाने गेला. त्यानंतर चौथा झाला तो हा. खानदेशात अशा पोराला जगवायची एक रीत आहे. आई त्याला उकिरड्यावर नेऊन ठेवते. दुसरी बाई येते, "हे कोणाचं टाकलेलं" म्हणत उचलून घरी नेते, आणि मग आई तिच्या दारात जाऊन सूपभर धान्य देते आणि पोर विकत आणते. पोर आता तिचं नाही, परक्याचं आहे, तेव्हा तिच्या पोरांना न्यायला येणारा मृत्यू रिकाम्या हाताने परत जातो. नावंही तशीच ठेवायची, लोटू, धुडकू, भिकन. सोन्यासारख्या नावाकडे मृत्यूची नजर जाते म्हणतात. ही रीत पुष्कळांनी पाळली. दोन-चार वर्षांनी पोर धडधाकट झालं की सगळे विसरायचे आणि आई पुन्हा आई व्हायची. सुभद्राबाई विसरली नाही. ती हट्टाने, दातओठ खाऊन आयुष्यभर ती रीत पाळत राहिली.

उकिरड्यावरून लोटूला उचललं ते इंदुबाईने. ती भाऊबंदकीतल्या शंकर सोनवणेची बायको, पोटी मूलबाळ नाही. त्याच साली वंशावळीची वही घेऊन सुकलाल भाट गावात आला होता. भाट दर काही वर्षांनी येतो, मागच्या पिढ्या वाचून दाखवतो आणि नव्या जन्मलेल्यांची नावं चढवतो. त्याला धान्य, कापड, मानाचं जेवण मिळतं. सुभद्राबाईने त्याच्यापुढे पदर पसरला. म्हणाली, माझ्या खाली लिहू नका, शंकरच्या खाली लिहा, मृत्यू वहीसुद्धा वाचत असेल. सुकलाल तेव्हा तरणाबांड होता. त्याला दया आली आणि त्याने लिहिलं, शंकरचा मुलगा लोटू. शाळेत नाव घालताना तिने तेच सांगितलं. पुढे नवरा धुडकू सुरतेला आला, मागोमाग ती पोरांना घेऊन आली. इथे रेशनकार्ड काढताना कारकुनाने विचारलं, आ कोण? ती म्हणाली, भत्रीजो. तिला गुजरातीतले चार शब्द येत होते, त्यातला हा एक. म्हणजे पुतण्या.

घरात लोटू तिला काकू म्हणायचा. तशी शिकवणच होती. लहानपणी एकदा पडून गुडघा फुटला आणि तो रडत "माय" म्हणाला, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर अशी चापट मारली की ओठ फाटला. ती खूण अजून आहे. मग त्याच ओठाला हळद लावत ती त्याच्यापेक्षा मोठ्याने रडली, असं धुडकूने मला सांगितलं होतं. धुडकू साधा माणूस. बायकोपुढे त्याचं काही चालत नसे. लोटूच्या लग्नाच्या पत्रिकेत मात्र त्याने कोणाला न विचारता छापून घेतलं, "आमचे ज्येष्ठ चिरंजीव". सुभद्राबाईने हाती लागतील तेवढ्या पत्रिका चुलीत घातल्या. लग्नात नवरदेवाची आई म्हणून मांडवात इंदुबाई बसली आणि सुभद्राबाई मागे पुऱ्या तळत होती. मी त्या लग्नात जेवलो आहे.

लोटूनंतर चार वर्षांनी हेमराज झाला. त्याला उकिरड्यावर ठेवला नाही. तोपर्यंत मृत्यू घर विसरला असावा. हेमराजचं नाव चांगलं ठेवलं, तो माय म्हणायला लागला आणि काही झालं नाही. लोटू लूमवर गेला म्हणून हेमराज शाळेत गेला. लोटूने रातपाळ्या केल्या म्हणून हेमराज आयटीआय शिकला आणि हजीऱ्याच्या एका कंपनीत ठेकेदाराचा सुपरवायझर झाला. नवागामचं घर धुडकूच्या नावावर होतं, पण विटा लोटूच्या पगारातून आल्या, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. खाली म्हातारा-म्हातारी, हेमराज, त्याची बायको आणि मुलगा, वर लोटू, त्याची बायको गायत्री आणि मुलगी पल्लवी.

दोन वर्षांपूर्वी धुडकू वारला. त्यानंतरच्या दिवाळीत लोटूला हृदयाचा झटका आला. सुभद्राबाई वॉर्डाच्या दाराबाहेर फरशीवर बसून राहिली, उठायला तयार नाही. नर्सने विचारलं, पेशंटची आई का? तर ही म्हणते, "नही वं बाई, शेजारीन शे मी." नर्स म्हणाली, मग घरी जा, फक्त नातेवाइकांना परवानगी आहे. तरी ही हलेना. शेवटी शिपायाने दंड धरून तिला फाटकाबाहेर काढलं, आणि ती फाटकाला धरून उभी राहिली. मी स्वतः पाहिलं म्हणून सांगतो, नाहीतर पुढे जे झालं त्यावरून कोणीही म्हणेल की या बाईच्या छातीत दगड होता.

हे सगळं हेमराजनेही पाहिलं. त्याने त्यातून वेगळा धडा घेतला.

मागच्या उन्हाळ्यात सुकलाल भाट नवागामला आला. आता म्हातारा झालाय, नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून येतो, लाल फडक्यात वही असते. आमच्या गल्लीत सतरंजी टाकून सगळी भाऊबंदकी बसली. सुकलाल सूर लावून पिढ्या वाचत गेला. शंकरचं नाव आलं, "शंकरचा लोटू" आलं, आणि सुरतेत जन्मलेली पोरं खो-खो हसली. लोटू त्यांच्या तोंडाकडे बघून हसला, कारण काय चाललंय ते त्याला कळलं नव्हतं. हेमराज मात्र हसला नाही. त्याने मोबाइल काढला आणि त्या पानाचा फोटो घेतला.

महिन्याभरात कळलं की हेमराज घर एकट्याच्या नावावर करायला निघालाय. त्यासाठी वारसांची वंशावळ लागते, इथे तिला पेढीनामुं म्हणतात. तलाठ्यापुढे तीन पंचांनी सह्या करायच्या की मयताचे वारस एवढेच. हेमराजने माझ्यापुढे कागद ठेवला. त्यात धुडकूची बायको सुभद्राबाई आणि मुलगा हेमराज. बस्स.

"आणि लोटू?" मी विचारलं.

"गुरुजी, तो शंकरकाकांचा. वहीत आहे, शाळेत आहे, रेशनकार्डात आहे. मी माझ्या मनचं काय लिहिलंय?"

"तुझा भाऊ आहे तो, गधड्या."

"असेल ना. पण रेकॉर्ड शुं कहे छे, ते जोवानुं." म्हणजे रेकॉर्ड काय म्हणतं ते बघायचं. रागावला की हेमराज गुजरातीत जातो, म्हणजे आपण साहेब आहोत असं त्याला वाटतं. वर म्हणाला, "शंकरकाकांची गावाला नाल्याकाठी पट्टी आहे. ती दादाचीच. मी तिथे हक्क सांगणार नाही."

मी कागद त्याच्या अंगावर फेकला. त्याने तो शांतपणे उचलला, घडी केली आणि गेला. सही करणारे दुसरे तीन पंच त्याला संध्याकाळपर्यंत मिळाले.

मी लोटूच्या वतीने हरकत लिहून दिली आणि कामाला लागलो. आता कागदांची गंमत बघा. भाटाच्या वहीत बाप शंकर. शाळेच्या दाखल्यावर शंकर. रेशनकार्डावर धुडकूचा पुतण्या. आधारवर केअर ऑफ धुडकू, म्हणजे कोणाचाही असू शकतो. मतदार कार्डावर मात्र बाप धुडकू, कारण ते काढायला धुडकू स्वतः गेला होता. आणि एक लग्नपत्रिका, जी माझ्या ट्रंकेत उरली होती. मी सुकलालकडे गेलो. म्हणालो, बाबा, तुम्हीच तिच्या सांगण्यावरून लिहिलं, आता खरं ते लिहा. तो म्हणाला, "खरं मला माहीत आहे गुरुजी, कोणीही विचारलं तर तोंडाने सांगेन. पण वहीत खाडाखोड करत नाहीत. आमच्या घरात कोणी केली नाही, मी करणार नाही." त्याच्या नातवाने मोटारसायकल सुरूही केली होती.

पल्लवी शिकलेली पोरगी, ती म्हणाली, रक्ताची तपासणी करू, एका दिवसात तोंडं बंद होतील. लोटू तिच्यावर ओरडला, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त मोठ्याने. "मनी माय जित्ती शे आनि मी रगत दिखाडू? ती सांगी ना!"

तलाठीही तेच म्हणाला. भला माणूस होता. सगळे कागद टेबलावर पसरून त्याने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, एकही दुसऱ्याशी जुळत नाही, आई असताना दुसऱ्या कोणाची तोंडी साक्ष मी घेणार नाही, तिलाच घेऊन या, ती पंचांसमोर जे सांगेल ते मी लिहीन.

लोटूला त्या दिवसापासून अंगात वारं शिरल्यासारखं झालं. घराचं त्याला फारसं नव्हतंच. गायत्रीला होतं, मला होतं. तो एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगत होता, की आता तिला मुलगा म्हणावंच लागेल. सरकारी माणूस विचारणार, मग कशी नाही म्हणेल? पन्नाशी उलटलेला माणूस, हृदयात स्प्रिंगा घातलेल्या, आणि एका शब्दासाठी असा हुरळलेला. मला त्याचा राग येत होता आणि कीवही येत होती.

आदल्या दिवशी दुपारी मी सुभद्राबाईकडे गेलो. ती लसूण सोलत होती. मी म्हणालो, उद्या खरं सांगा.

"गुरुजी, तिसरा पोर्‍या माय म्हने," ती म्हणाली. "म्हनाले लागना आनि गया."

"त्याला पन्नासहून जास्त वर्षं झाली, सुभद्राबाई."

"हेमराज सांगस, दवाखानामा लोटूले कसाले जानं पडनं? मी फाटकशी उभी राहीसन मनमा त्याले मना म्हनी लिधं व्हतं. मनमा म्हनं तरी छाती धरी लिधी तेनी. आते सरकारपुढे तोंडथीन म्हनू?"

मनातल्या मनात तिने लोटूला 'मना', म्हणजे माझा, म्हटलं म्हणून त्याला झटका आला, असं तिचं म्हणणं. झटका आधी आला आणि ती फाटकाशी नंतर उभी राहिली, एवढी साधी गोष्ट मी तिला तीन वेळा सांगितली. ती लसूण सोलत राहिली. हेमराज आतल्या खोलीत टीव्ही बघत होता, त्याने आवाज थोडा कमी केला होता. झटका तिच्यामुळे आला, हे त्यानेच मुद्दाम तिच्या डोक्यात भरलं होतं. मी आत जाऊन त्याला नको नको ते बोललो. तो म्हणाला, "गुरुजी, मी तिला काहीच शिकवलं नाही. जे ती मानते तेच मी मानलं."

दुसऱ्या दिवशी लोटू दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. गायत्री आणि पल्लवी बरोबर होत्या. कचेरीत पंखा जोरात फिरत होता, टेबलावरचे कागद पेपरवेटखाली फडफडत होते. सुभद्राबाईला खुर्ची दिली, पण ती खालीच बसली. तलाठ्याने लोटूकडे बोट दाखवून मोठ्याने विचारलं, "बा, आ तमारो दीकरो छे?"

तिने तोंडापुढे पदर घेतला. लोटू तिच्या ओठांकडे बघत होता, आणि ओठ पदराआड होते.

"नही," ती म्हणाली. "हाऊ मना पोर्‍या नही. मी त्याले इकत लिधेल शे. सूपभर बाजरी दिन्ही."

पंचांपैकी एक जण पायातल्या चपलेशी चाळा करू लागला. हेमराजने खिशातून पेन काढलं.

लोटू माझ्याकडे वळला. "गुरुजी, काय म्हनी?" सगळी कचेरी वळून बघेल इतक्या मोठ्याने त्याने विचारलं. "काय म्हनी माय?"

गायत्रीने तोंड फिरवलं. पल्लवी रडायला लागली होती. सांगायला मीच उरलो होतो. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि ओठ नीट हलवून म्हणालो, "ती नाही म्हणाली, लोटू."

त्याने मला पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. मग तो तिच्यासमोर जाऊन उकिडवा बसला. तिने पदर काढला होता आणि डोळे मिटून घेतले होते. तो तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "माय!"

तिने किंकाळी फोडली आणि त्याच्या तोंडावर हात ठेवायला झेप घेतली. त्याने तिची दोन्ही मनगटं धरली. म्हातारीची मनगटं ती, काडीसारखी. "माय," तो म्हणाला. "माय. माय. आते देख मी मरस का ते." ती स्वतःचं डोकं त्याच्या छातीवर आपटत होती, जणू तो शब्द आत परत ढकलता येईल. "नको रे, नको रे" एवढंच तिच्या तोंडून निघत होतं. तो थांबला नाही. तिच्या मनगटांवर त्याची बोटं उमटली तरी थांबला नाही. शेवटी शिपाई आणि मी मिळून त्याला ओढून काढलं. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो रडत नव्हता. त्याला मजा येत होती.

तलाठ्याने हात चोळले, पाणी प्यायला आणि जे ऐकलं ते लिहिलं. धुडकू सोनवणेचे वारस, पत्नी सुभद्राबाई, मुलगा हेमराज. मी सही केली नाही आणि माझ्या सहीवाचून काही अडलंही नाही. गायत्रीने कोर्टात जायचं म्हटलं, लोटूने नकाराची मान हलवली. पावसाळा सरताच तो इच्छापोरला भाड्याच्या खोलीत गेला. एका गोदामात माल मोजून घ्यायचं काम धरलंय. हेमराजने वरचा मजला भाड्याने दिला.

सुभद्राबाई त्या दिवसापासून अर्धी झाली. लोटू मरणार हे तिला पक्कं माहीत होतं, फक्त केव्हा ते माहीत नव्हतं. लोटू तिला भेटत नाही, गायत्री फोन घेत नाही. मग ती हेमराजच्या मुलाकडून माझा नंबर लावून घेते आणि रोज सकाळी एकच प्रश्न विचारते, "गुरुजी, तो जित्ता शे ना?" मी म्हणायचो, आहे, ठणठणीत आहे. ती म्हणायची, देवाची आन घ्या. मी देवाची आण घ्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

गेल्या महिन्यात मी वैतागून इच्छापोरला गेलो. लोटू दारात बसून भाकरी खात होता. मी म्हणालो, तुझी आई अन्न टाकून बसलीय, एकदा जाऊन तोंड दाखव, तेवढ्याने तिचा जीव भांड्यात पडेल. तो माझ्या ओठांकडे बघत राहिला, मग हसला.

"तुम्ही तिले काय सांगतस?"

"जिवंत आहेस म्हणून सांगतो."

"नका सांगू," तो म्हणाला. "एकदाव तिले कळनं मी जित्ता शे, की मी पुन्हा परका. मी मरस का काय, हाऊ घोर जवलग शे, तवलग ती मनी माय शे." त्याने भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "पुरी पन्नास वरीस मी तिना साठे परका राहिनू, गुरुजी. आते थोडे दिन तिले मनी माय राहू द्या."

मी त्याला माणूस नाहीस म्हणालो. तो जेवत राहिला. परत येताना बसमध्ये मी मनात त्याला शिव्या घातल्या, मग हेमराजला घातल्या, मग त्या म्हातारीला घातल्या. नवागाम आलं तरी माझ्या शिव्या संपल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून ती कुजबुजत होती.

"गुरुजी, मना पोर्‍या जित्ता शे का?"

'मना पोर्‍या' म्हणाली ती, माझा मुलगा. तलाठ्याने विचारलं तेव्हा म्हणाली नव्हती, नर्सने विचारलं तेव्हा म्हणाली नव्हती. तिने पुन्हा तेच विचारलं, आणि तिसऱ्यांदा विचारलं.

"मला माहीत नाही, सुभद्राबाई," मी म्हणालो.